चार वर्षांच्या मुलीला किलोमागे आजोबांच्या अडीचपट अँटिबायोटिक? (वय आणि डोस)

समुद्रकाठची
मंडळी, आमच्या घरात (गुहागरजवळ) सध्या दोन रुग्ण आहेत. लेक चार वर्षांची, वजन १५ किलो, कान फुटलाय. सासरे ७६ वर्षांचे, वजन ५०, मधुमेह आहे. लावणीत पायाला कसलंसं लागलं आणि आता पू झालाय. दोघांचे डॉक्टर वेगळे, पण औषध एकच निघालं: अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड. लेकीला ४५७ चं सिरप, ५ एमएल सकाळ-संध्याकाळ. सासऱ्यांना ६२५ ची गोळी, तीही दोनच वेळा.

रात्री झोप येईना म्हणून हिशोब केला. लेकीला दिवसाला ९१४ एमजी, म्हणजे किलोमागे ६१. सासऱ्यांना १२५०, म्हणजे किलोमागे २५. चिमुरडीला आजोबांच्या जवळजवळ अडीचपट! मेडिकलवाला पण चिठ्ठी बघून "जास्त वाटतंय" असं पुटपुटला आणि औषध मात्र दिलं. डॉक्टरांचा फोन लागत नाहीये, आमच्याकडे पावसात रेंज कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. कुणाला यातलं कळतं का? लहान मुलांना कमी आणि मोठ्यांना जास्त, असंच असतं ना?

हापूसप्रेमी
मेडिकलवाल्याचं "जास्त वाटतंय" डोसबद्दल होतं की बिलाबद्दल?

चाकरमानी_बोरिवली
ताई, सरळ अर्ध्यावर आणा. आमच्याकडे गणपतीला तीस माणसं घरात, दर वर्षी कुणीतरी आजारी पडतंच. मोठ्याला एक गोळी, शाळकरी पोराला अर्धी, त्याहून लहानाला पाव. सगळे जिवंत आहेत. हे सिरप-बिरप कंपन्यांचे धंदे आहेत.

निळी_खाडी
चाकरमानी, असले सल्ले देऊ नका हो. कुणीतरी खरंच ऐकेल. समुद्रकाठची, डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत स्वतःहून काही कमी करू नका.

बालरोगवाला
मी रत्नागिरी जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो. रुग्ण न तपासता "हा डोस बरोबर" असं म्हणणार नाही, पण हिशोब समजावू शकतो.

आधी एक दुरुस्ती. ४५७ मध्ये अमॉक्सिसिलिन ४०० आणि क्लॅव्हुलॅनिक ५७ असतं. ६२५ मध्ये ५०० आणि १२५. डोस मोजायचा तो अमॉक्सिसिलिनवर. मग लेकीला दिवसाला ८००, म्हणजे किलोमागे ५३. आजोबांना १०००, म्हणजे किलोमागे २०. फरक कमी झाला नाही, थोडा वाढलाच. :)

तरीही ५३ ऐकून मी दचकलो नाही. कानाच्या संसर्गात मुलांना अमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे ४०-४५ पासून ८०-९० पर्यंत दिलं जातं. जंतू दाद न देणारा असण्याची शक्यता जितकी जास्त, तितका डोस वरचा. उलट धडधाकट ६० किलोच्या माणसाला ५०० च्या तीन गोळ्या दिल्या तर किलोमागे २५ च पडतात. म्हणजे आजोबा बाजूला ठेवले तरी मुलीचा डोस मोठ्या माणसाच्या दुप्पट आहे, आणि तो तसाच असतो.

कारण असं की साधारण एक ते दहा वर्षांच्या मुलाचं शरीर औषध फार झपाट्याने बाहेर टाकतं. वजनाच्या मानाने त्याचं यकृत मोठ्यांपेक्षा मोठं असतं. मूत्रपिंडं वर्ष-दोन वर्षांत पूर्ण क्षमतेला येतात आणि त्या एवढ्याशा देहासाठी ती भरपूर असतात. शिवाय अंगात पाण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे अमॉक्सिसिलिनसारखं पाण्यात मिसळणारं औषध पातळ होतं. या गटातल्या औषधाची पातळी दिवसातला बराच वेळ जंतू मरतील इतकी टिकावी लागते. पाव गोळीत ती टिकत नाही. जंतू आजारी पडतात, मरत नाहीत.

भाऊ_वेंगुर्लेकर
म्हणजे उतारावरच्या शेतासारखं. पाणी कितीही सोडा, थांबत नाही. खाचरात एकदा भरलं की राहतं.

बालरोगवाला
भाऊ, झकास! उद्यापासून ओपीडीत वापरतो.

चाकरमानी_बोरिवली
डॉक्टर, तुमचा मुद्दा मानला तर सगळ्यात लहान बाळाला किलोमागे सगळ्यात जास्त द्यायला हवं. पण माझ्या भाच्याला जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं होतं, तेव्हा नर्स इंजेक्शन दिवसातून एकदाच द्यायची. त्याच वॉर्डातल्या दोन वर्षांच्या पोराला तीन वेळा. आता बोला.

बालरोगवाला
प्रश्न चांगला आहे, खोचक असला तरी. तिथे गणित उलटतं. नवजात बाळाची मूत्रपिंडं पहिल्या आठवड्यांत फार हळू चालतात, यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा अर्धवट असते. पण अंगात पाणी असतं वजनाच्या ७५ ते ८० टक्के. त्यामुळे जेंटामायसिनसारख्या औषधाचा एका वेळचा डोस किलोमागे कमी नसतो, दोन डोसांमधलं अंतर मात्र २४ तास, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्यांत ३६ किंवा ४८ तासही. तसं नाही केलं तर औषध साचतं आणि कान किंवा मूत्रपिंड दुखावतं.

हे शहाणपण महागात मिळालंय. १९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक नवजात बाळांना सढळ हाताने दिलं जायचं. बाळांची पोटं फुगायची, अंग राखाडी पडायचं, काही दगावली. १९५९ मध्ये त्याचं कारण वैद्यकीय नियतकालिकांत आलं: यकृताला ते औषध निकामी करून बाहेर टाकता येत नव्हतं. 'ग्रे बेबी सिंड्रोम' म्हणून आजही आम्हाला शिकवतात. सेफ्ट्रायाक्सोनही नवजात बाळाला, विशेषतः कावीळ असेल तर, टाळतात.

म्हणून "लहान मूल" असा एकच गट धरून चालत नाही. दहा दिवसांचं बाळ, दोन वर्षांचं पोर आणि बारा वर्षांचा मुलगा हे औषधाच्या दृष्टीने तीन वेगळे रुग्ण.

जुना_कंपाउंडर
मी राजापूरकडे एका डॉक्टरांकडे उमेदवारी केली. तेव्हा मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचो, तिला कात्रीने खाचा पाडलेल्या. एक खाच, एक डोस. बाटली रुग्णाने घरून आणायची, बहुधा दुसऱ्याच कशाची तरी. डॉक्टरांनी आम्हाला एक सूत्र घोकून घेतलं होतं, यंगचा नियम. मुलाचं वय भागिले वय अधिक बारा. चार वर्षांचं मूल म्हणजे चार भागिले सोळा, मोठ्याच्या पाव. वजनकाटा कुठे होता? वय तरी कुणाला नक्की माहीत असायचं! "होळीला चालायला लागला" असं सांगायचे. चाकरमान्यांची पाव गोळी तिथून आली असणार.

निळी_खाडी
काका, भारी आठवण. मी गंमत म्हणून तुमचं सूत्र इथे लावून पाहिलं. मोठ्याचा १५०० चा पाव म्हणजे ३७५. १५ किलोला भागलं तर किलोमागे २५. समुद्रकाठचीच्या डॉक्टरांनी दिलंय त्याच्या निम्म्याहून कमी.

जुना_कंपाउंडर
बरोबर. खोकल्याच्या औषधाला ते खपून जायचं. अँटिबायोटिकला नाही. आणि एकाच वयाच्या दोन मुलांत सहा-सहा किलोंचा फरक असतो.

आशाताई_खाडीपट्टा
वजनावरून आठवलं. दवाखान्यात जाताना वजन अंदाजे सांगू नका. अंगणवाडीत काटा असतो, आम्ही दर महिन्याला घेतो, कार्डावर लिहितो. ते कार्ड घेऊन जा.

दुसरं म्हणजे टीबी. आमच्या वाडीत एका घरात वडील आणि मुलगी दोघं उपचारावर होती. आई भांडायला आली, की पोरीला जास्त औषध का. मी पण गोंधळले, मग तालुक्याच्या सरांनी सांगितलं: आयसोनियाझिड मोठ्यांना किलोमागे ५ एमजी, लहान मुलांना १०. रिफॅम्पिसिन मोठ्यांना १०, मुलांना १५. आता वजनाच्या गटाप्रमाणे गोळ्या येतात, भागाकार कुणाला करावा लागत नाही. पण महिन्याभरात पोर दोन किलोने वाढलं तर गट बदलू शकतो, म्हणून वजन परत परत.

तिरफळ
माजी आजी ९५ वर्सां जगली, तिणां कधी अँटिबायोटिक खाल्ल्यान नाय. काढो घेतल्यान की बरी.

आशाताई_खाडीपट्टा
आणि तिची किती भावंडं पाच वर्षांच्या आत गेली, ते विचारलंत का कधी?

तिरफळ
... चार. सांगायची ती.

भाऊ_वेंगुर्लेकर
आमच्याकडचा प्रश्न. लावणीच्या दिवसांत लेप्टो (उंदरांच्या मुतातून चिखलात पसरणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात, मोठ्यांना आठवड्यातून एकदा २०० एमजी. पोरंही चिखलात असतातच की, तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) मुठी वाहतात, खेकडे धरतात. त्यांना का देत नाहीत? आणि माझे वडील ८० चे, त्यांना मात्र माझ्याएवढीच दिली. म्हातारपणी डोस कमी करतात असं ऐकलं होतं.

बालरोगवाला
दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत.

मुलं: आठ वर्षांपर्यंत पक्के दात हिरड्यांच्या आत तयार होत असतात. टेट्रासायक्लिन गटाची औषधं कॅल्शियमला चिकटतात आणि दात कायमचे पिवळे-करडे होतात. जुन्या टेट्रासायक्लिनने हे फार व्हायचं, डॉक्सीसायक्लिनने त्यामानाने बरंच कमी. म्हणून निव्वळ प्रतिबंधासाठी लहान मुलांना देताना हात आखडता घेतात. पण स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) झालाच, तर तिथे दातांचा विचार करत बसत नाहीत. थोड्या दिवसांचा कोर्स कुठल्याही वयात दिला जातो, जीव आधी. गरोदर बाईने मात्र प्रतिबंधाची गोळी परस्पर घेऊ नये.

वडील: डॉक्सीसायक्लिन मूत्रपिंडावर फारसं अवलंबून नसतं, बरंचसं आतड्यावाटे जातं. म्हणून वयाने डोस बदलत नाही. अझिथ्रोमायसिन, सेफ्ट्रायाक्सोन यांचंही साधारण तसंच. "म्हातारा म्हणून सगळं अर्धं" हा नियम नाही. फक्त वडिलांना सांगा, डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर जखम करते.

हापूसप्रेमी
माकडतापाला पण हीच देतात का? आमचे पाहुणे दोडामार्गचे आहेत, काजूच्या बागेत जातात.

बालरोगवाला
नाही. माकडताप विषाणूचा, गोचिडीतून येतो. दोडामार्ग भागात २०१६ पासून रुग्ण सापडलेत. त्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही, कुठल्याच वयात, कुठल्याच डोसात.

निळी_खाडी
ज्येष्ठांचा विषय निघालाच आहे तर. आई ८२ ची, वजन ४२. लघवीचा संसर्ग झाला. रिपोर्टात क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो) १.०, लॅबच्या कागदावर "नॉर्मल". तरी डॉक्टरांनी औषधाचं अंतर वाढवलं. मी हुज्जत घातली, तेव्हा त्यांनी केसपेपरच्या मागेच गणित मांडलं. मूत्रपिंडं मिनिटाला साधारण किती एमएल रक्त गाळतात ते काढायचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट म्हणून १९७६ चं सूत्र आहे: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन. बाई असेल तर वर ०.८५ ने गुणायचं. आईचं आलं २९ च्या आसपास. मग त्यांनी शेजारी ३० वर्षांचा ६५ किलोचा माणूस लिहिला, क्रिएटिनिन तेच १.०. त्याचं आलं ९९!

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. आईच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, मग ते वाढणार कुठून? त्या "नॉर्मल" वर मी विसंबले असते.

चाकरमानी_बोरिवली
पण मग डोस कमी केल्यावर रोग बरा कसा होणार? माझ्या सासूबाईंना तर आयसीयूत पहिल्याच दिवशी भरभक्कम डोस दिला होता. तुमच्या सूत्राने तर निम्मा द्यायला हवा होता.

फार्मा_चिपळूण
चाकरमानी, तुमचे प्रश्न आता सुधारत चाललेत. :) पहिला डोस बहुतेक वेळा पूर्ण असतो, कारण रक्तात पातळी गाठायची असते. मूत्रपिंडाचा संबंध नंतरच्या डोसांशी, कारण साचतं ते तिथून पुढे. अमॉक्सिसिलिनसारख्या औषधात सुरक्षिततेची जागा मोठी असते, थोडं जास्त झालं तर सहसा बिघडत नाही. जेंटामायसिन, अमिकासिनमध्ये तेवढी जागा नाही.

मी काउंटरवर रोज बघतो ते लिहितो. डॉक्टर डोस बरोबर लिहितात, चूक घरी होते.

एक, चमचा. कुणाच्या घरी "चमचा" म्हणजे चहाचा, कुणाकडे पोह्यांचा. बाटलीबरोबरचं झाकण किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. पाच एमएल म्हणजे पाच एमएल.

दोन, तेच नाव, वेगळी ताकद. २२८ आणि ४५७ ची बाटली दिसायला सारखीच. २२८ मिळाली नाही म्हणून ४५७ आणलीत तर एमएल बदलतात. थेंबांची बाटली आणि सिरप यांतही हाच घोळ. पॅरासिटामॉलचे थेंब १ एमएलमध्ये १००, सिरप ५ एमएलमध्ये १२५ किंवा २५०. चमचाभर थेंब पाजलेले लोक मी पाहिलेत.

तीन, पावडरची बाटली. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत. अर्ध्यापर्यंत भरून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत. दर वेळी पाजण्याआधी हलवा, नाहीतर पहिले दिवस पाणी आणि शेवटचे दिवस गाळ. क्लॅव्हुलॅनिकवालं सिरप कालवल्यावर फ्रिजमध्येच ठेवायचं आणि सात दिवसांनी ओतून द्यायचं. आपल्याकडे वादळात दोन-दोन दिवस वीज नसते. तसं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, त्यांना फ्रिज लागत नाही.

आणि ज्या पट्टीवर उभी लाल रेघ आहे (म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही) ती गणपतीला डब्यात भरून आणू नका, प्लीज. मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या घेऊन लोक येतात, "हिचा किती डोस भाच्याला?" म्हणून.

चाकरमानी_बोरिवली
शेवटचा परिच्छेद मला उद्देशून आहे असं समजू का?

फार्मा_चिपळूण
निम्मा. :)

तिरफळ
मूळ प्रश्न बाजूक रवलो. अँटिबायोटिकावर बांगडो चलता काय?

हापूसप्रेमी
+१. कोकणातला एकमेव खरा वैद्यकीय प्रश्न.

फार्मा_चिपळूण
चालतो. ताजा असावा एवढंच. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सीच्या वेळी दूध, कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीची औषधं लांब ठेवा, ती औषधाला पोटातच अडवतात. सोलकढीत नारळाचं दूध असतं, ते चालेल.

रेवदंड्याची_सून
सिप्रोचं नाव निघालं म्हणून. माझे मामे सासरे ७१ चे, दम्यासाठी अधूनमधून स्टेरॉइड घेतात. लिव्होफ्लॉक्सासिन (सिप्रोच्याच गटातलं) चालू असताना टाचेमागची शीर अशी दुखायला लागली की पाऊल टेकवेना. सगळे म्हणाले वात आहे, तेल चोळा. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी औषध बंद केलं. हे वयाशी संबंधित असतं का?

बालरोगवाला
हो. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड असेल तर या गटाच्या औषधांनी स्नायुबंध दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये त्यांच्या वेष्टनावर ठळक इशारा टाकायला लावला. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर अचानक उतरू शकते, तेही वयस्करांत जास्त. मुलांमध्येही ही औषधं जपून वापरतात, पण वेगळ्या कारणाने: प्राण्यांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत सांध्यांची कूर्चा बिघडलेली दिसली होती.

ज्येष्ठांच्या बाबतीत डोसाइतकाच महत्त्वाचा प्रश्न "आणखी काय चालू आहे" हा असतो. को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन ही जोडी वाईट. तेच को-ट्रायमॉक्साझोल बीपीच्या काही गोळ्यांबरोबर पोटॅशियम वाढवतं. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन जा, नावं पाठ करू नका.

निळी_खाडी
माझा भाचा १३ वर्षांचा आणि ७० किलोचा आहे. त्याला वजनावर दिलं तर बादलीभर सिरप लागेल!

बालरोगवाला
:) तिथे मोठ्यांचा डोस ही कमाल मर्यादा. किलोचा गुणाकार त्याच्या वर गेला की थांबायचं.

समुद्रकाठची
सगळ्यांचे आभार, कोपऱ्यावर जाऊन फोन केला आणि लेकीच्या डॉक्टरांशी बोलले. डोस बरोबरच आहे म्हणाले. मी विचारलं, मग २२८ चंच जास्त एमएल का नाही दिलं, किंवा सासऱ्यांचीच गोळी फोडून? तर म्हणाले, ४५७ ऐवजी मोठ्यांची ६२५ ची गोळी फोडून दिली असती तर क्लॅव्हुलॅनिकचं प्रमाण वाढून जुलाब लागले असते. २२८ मध्ये प्रमाण ४५७ सारखंच, फक्त दुप्पट प्यावं लागलं असतं आणि ती थुंकली असती. तिला ओळखतात ते.

सासऱ्यांचा जुना रिपोर्ट काढला, क्रिएटिनिन १.८. निळी_खाडीच्या सूत्रात घातलं: ६४ गुणिले ५० भागिले १२९.६. आलं साधारण २५. तीन वेळाऐवजी दोन वेळा यामुळेच ना?

बालरोगवाला
तेच कारण असणार. तीसच्या खाली गेलं की बहुतेक डॉक्टर या गोळीचं अंतर बारा तास करतात. तरी रिपोर्ट जुना आहे, नवीन करून घ्या, आणि त्यांच्या डॉक्टरांनाच दाखवा. पायाची जखम मधुमेह्याची आहे, ती रोज उघडून बघा.

समुद्रकाठची
बघते. आणि एक शेवटचं. लेकीचा ताप उतरलाय, कान दुखत नाही, अंगणात उड्या मारतेय. सासूबाई म्हणतात बास आता औषध. माझ्या नणंदेच्या दीड वर्षाच्या मुलाला कानासाठीच दहा दिवस दिलं होतं, हिला सातच लिहिलंय. इथेही वयच का?

बालरोगवाला
इथेही वयच. दोन वर्षांच्या आत कानाच्या संसर्गाला साधारण दहा दिवस, दोन ते पाचमध्ये आजार फार तीव्र नसेल तर सात, सहाच्या पुढे पाच ते सात. कान फुटलेला आहे, तेव्हा लिहिलेले सातही दिवस द्या आणि संपल्यावर कान दाखवून आणा. तोपर्यंत कानात पाणी, तेल काही नको.

तिरफळ
म्हणजे खाडीत पोवाक नाय.

समुद्रकाठची
सासूबाईंच्या हातातली तेलाची वाटी आत्ताच काढून घेतली.